धुमेला माइक लावताना

सप्ताहाच्या मंडपात सगळ्यांत मागे बसलेल्या माणसाला कीर्तनातलं काय ऐकू येतं? बुवांचा आवाज येतो. टाळ येतात, ते कुठेही येतात. पेटी अधूनमधून येते. पखवाजाच्या शाईवरचा 'ता' आणि 'ना' टाळांतून वाट काढत पोचतो. पण डाव्या हाताचा, कणीक लावलेल्या 'धूम' नावाच्या पुडीवरचा भरदार घुमारा, ज्याच्या जोरावर टाळकऱ्यांची पावली पडते, तो बहुतेक मंडपांत पुढच्या काही रांगांतच संपतो. मागच्या माणसाच्या वाट्याला 'धा' येतो तो अर्धा. त्यातली उजवी बाजू येते, डावी वाटेत हरवते.

या हरवण्याची कारणं आणि त्यावरचे उपाय हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी हिंगोली जिल्हा निवडला त्याला कारणं दोन. पहिलं नर्सी. कयाधूकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं, आणि नामदेव (१२७०–१३५०) हे वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तक मानले जातात. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला इथे मोठी गर्दी लोटते. जिल्ह्यातल्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि प्रत्येक सप्ताहात काकडा, हरिपाठ, कीर्तन असतं, म्हणजे पखवाज असतोच. दुसरं कारण औंढा नागनाथ तालुक्यातलं आहे. ते पुढे येईल.

औंढ्याच्या देवळाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. कथा श्रद्धेची आहे आणि ती तशीच ऐकावी. मात्र त्या जागेवर उभं राहून नादाचा विचार केला तर एक गोष्ट समजते. दगडी देवळाच्या पाठीमागे कीर्तन चाललं असेल तर पुढच्या दारातल्या माणसाला काय ऐकू जाईल? टाळाचा आवाज हजारो हर्ट्झचा. हवेत नाद सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणून ३००० हर्ट्झची एक लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची. एवढी लहान लाट भिंतीवर आपटते आणि परत फिरते, भिंतीमागे तिची सावली पडते. ८० हर्ट्झची लाट मात्र सव्वाचार मीटरहून लांब. ती भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे जाते. देवळापुढच्या माणसाला शब्द कळणार नाहीत, टाळ पुसट होतील, पण मृदंग चालू आहे एवढं कळेल.

मग जो नाद दगडी देवळाला वळसा घालतो तो कापडी मंडपात का अडतो? हवेत तो अडत नाहीच. तो आधी कानाशी अडतो आणि मग यंत्राशी.

कानाचं गणित १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडलं. आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलच्या वर जावं लागतं. आवाज जितका हळू, तितका खर्ज कानाला जास्त कमी पडतो. पखवाजाजवळ बसल्यावर धूम छातीत जाणवते, कारण तिथे सगळाच आवाज मोठा आहे. अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. टाळ आणि धूम दोन्ही सारखेच उतरतात, पण कानाच्या हिशेबात धूम आधी नाहीशी होते.

आता वाद्याकडे येऊ. पखवाजाचं खोड लाकडाचं, वाद्या चामड्याच्या, त्यांत अडकवलेले गट्टे. उजव्या पुडीवर कायमची शाई, डाव्या पुडीवर वाजवण्याआधी थापलेली ओली कणीक. शाईने काय साधतं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलं. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली सविस्तर निबंधात त्यांनी दाखवलं की साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधोमध शाईचं वजन नेमक्या प्रकारे चढवलं की ते तारेच्या उपस्वरांसारखे एकपट, दुप्पट, तिप्पट असे रांगेत येतात. म्हणून शाईला सूर आहे. कणकेचं काम मुख्यतः पुडी जड करून तिचा स्वर खाली ओढण्याचं. चांगल्या लावलेल्या धुमेचा पाया सहसा १०० हर्ट्झच्या खाली असतो. कणीक किती, किती ओली, किती रुंद थापायची, हे मृदंगाचार्य बोटांनी ठरवतात. मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखाच्या सप्ताहात कीर्तन रंगेपर्यंत ती कणीक सुकायला लागते, पुडी हलकी होते आणि धूम वर चढते. मग दोन अभंगांच्या मध्ये बोटं पाण्यात बुडवून कणकेवर फिरवली जातात. आषाढात उलटं घडतं. दमट हवेने चामडं सैल पडतं आणि हातोडी काढून गट्टे ठोकावे लागतात. साउंडवाल्याने हे लक्षात ठेवायला हवं. संध्याकाळी सहाला जुळवलेली बटणं रात्री नऊच्या धुमेला लागू पडतीलच असं नाही.

खर्जाच्या वाद्याला गर्दीत ऐकू जायची ही अडचण एकट्या पखवाजाची नाही. पाश्चात्त्य वाद्यांत ती सगळ्यांत जास्त भोगली डबल बेसने. व्हायोलिनच्या गोतातलं हे सगळ्यांत मोठं वाद्य, माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं. त्याची सगळ्यांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते आणि तिची लाट ८ मीटरहून लांब. एवढी लाट नीट हवेत ढकलायला वाद्याचं पोटही पुरत नाही. आपण जो ऐकतो त्यात मूळ स्वर थोडा आणि त्याचे उपस्वर जास्त असतात. सिंफनी ऑर्केस्ट्रात यावर संख्येचा उपाय करतात, आठ-आठ डबल बेस एकत्र उभे करतात. आपल्या दिंडीत एकापेक्षा जास्त मृदंग चालतात तेव्हा कळत-नकळत हाच उपाय होत असतो. जॅझमध्ये मात्र डबल बेस एकच, आणि त्याच्या शेजारी ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. १९५८ साली अमेरिकी जॅझवादक डेव्ह ब्रुबेक यांचा चमू भारतात आला आणि मुंबईतही वाजला, तेव्हा त्यात यूजीन राइट यांचा एकच डबल बेस होता.

अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने १९४६ च्या सुमारास यावर एक युक्ती काढली. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीवर टेकतो ती खुंटी वाद्याच्या पोटात लांबवून तिच्या टोकावर त्याने माइक बसवला. त्या खुंटीच्या ('पेग') नावावरून 'अँपेग' ही कंपनी उभी राहिली. १९५१ साली लिओ फेंडर यांनी वेगळीच वाट काढली. त्यांनी पोट असलेलं वाद्यच बाजूला ठेवलं आणि भरीव लाकडाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांतही पुढे तीच रुळली. तिला हा त्रास नाही, कारण तिला घुमायला पोटच नाही. पण ज्यांना लाकडाचा आणि हवेचा नाद हवा होता त्यांनी डबल बेस सोडला नाही, आणि त्यांच्या हट्टामुळे खर्ज मोठा करण्याचं सगळं शास्त्र पुढे सरकलं. माझा जीव त्या हट्टी लोकांवर आहे. पखवाजाऐवजी पॅड बडवून काम भागतं असं सांगणाऱ्यांना हाच हट्ट उत्तर देतो.

डबल बेसवाले आज बहुधा घोडीला चिकटवलेला पिकअप वापरतात. त्यात स्फटिक असतो. दाब पडला की वीज देण्याचा स्फटिकाचा गुण पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली शोधला. या पिकअपचं दुखणं एकच, तो फार नाजूक ताकदीचा आहे. पुढच्या यंत्राने त्याच्याकडून जास्त वीज ओढली की पहिल्यांदा खर्ज जातो. हिशेब सोपा आहे. पिकअपची विद्युतधारिता १ नॅनोफॅरड धरली आणि यंत्राचा रोध १० लाख ओहम असला, तर १६० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, म्हणजे खालच्या तारांचा पायाच जातो. रोध १ कोटी ओहम केला की हीच हद्द १६ हर्ट्झवर येते. म्हणून मध्ये छोटा प्रीअँप लागतो. तो नसल्यामुळे कितीतरी महागडे पिकअप पत्र्यासारखे वाजतात.

पखवाजाच्या खोडाला असा पिकअप चिकटवून काही जण पाहतात. मला तो मार्ग पटत नाही. डबल बेसचा नाद तारेकडून घोडीवाटे लाकडात उतरतो, म्हणून घोडीवर पकडता येतो. धुमेचा नाद चामड्याने ढकललेल्या हवेचा आहे, खोड फक्त त्या हवेला सांभाळतं. खोडावरच्या पिकअपला थापेचा ठोका मिळतो, घुमारा मिळत नाही. धुमेला माइकच हवा.

गावच्या मंडपातली व्यवस्था सगळ्यांच्या ओळखीची आहे: अहुजाचा अँप्लिफायर, खांबांना बांधलेले कर्णे, स्टेजच्या दोन बाजूंना कॉलम, आणि बजेट असेल तर टॉप-बेसची जोडी. कर्णा शब्द लांब नेण्यासाठी बनला आहे आणि ते काम तो उत्तम करतो. पण त्याच्या तोंडाचा आकार आणि पडद्याची हालचाल पाहता साधारण २००–३०० हर्ट्झच्या खालचं तो देतच नाही. तरी कर्ण्यावरचा पखवाज आपण पखवाज म्हणून ओळखतो, याचं श्रेय कर्ण्याला नाही, मेंदूला आहे. १६०, २४०, ३२० असे उपस्वर ऐकू आले की मेंदू त्यांच्यामागचा ८० हर्ट्झचा पाया स्वतःच भरून काढतो. टेलिफोनवर भारी आवाजाचा माणूस ओळखू येतो तो असाच. मात्र हे भरून काढणं फक्त ओळखीपुरतं. पोटात जाणवणारा दणका त्याने मिळत नाही. त्यासाठी मोठ्या व्यासाचा स्पीकर हवा, आणि त्याला खरंच श्रम करावे लागतात. तेवढाच दाब निर्माण करायला १०० हर्ट्झला पडदा जितका हलतो त्याच्या चौपट तो ५० हर्ट्झला हलावा लागतो.

आता माइक. धुमेसाठी साधा डायनॅमिक माइक पुरतो. तो पुडीच्या काठापासून वीतभराच्या आत, तोंड कणीक आणि काठ यांच्या मधल्या चामड्याकडे करून ठेवावा. हात उघडा पडतो तेव्हा पंज्याखालून निघणारी हवा थेट माइकवर आली तर 'फप्' असा फटका येतो, म्हणून किंचित तिरका. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकचा एक गुण इथे कामी येतो. उगम जितका जवळ, तितका तो खर्ज जास्त उचलतो. म्हणजे बेसचं बटण पिळण्याआधी माइक चार बोटं पुढे सरकवून पाहावा. ही वाढ फुकट आहे आणि तिच्यासोबत शेजारचे टाळ वाढत नाहीत. मिक्सरवरचा बेस वाढवला तर माइकमध्ये शिरलेला सगळाच गोंगाट खालून फुगतो.

दोन्ही पुड्यांना दोन माइक लावले की बहुतेक ठिकाणी एक विचित्र गोष्ट घडते. धुमेचा माइक एकटा चालू असताना आवाज भरदार, शाईचा एकटा असताना खणखणीत, आणि दोन्ही चालू केले की खर्ज नाहीसा. साउंडवाला मग बेस वाढवतो आणि घुमायला लागतं. खरं कारण खोडाच्या आतल्या हवेत आहे. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते, आतली हवा दबते आणि उजवी पुडी बाहेर ढकलली जाते. त्याच क्षणी डाव्या माइकसमोरची पुडी त्याच्यापासून दूर जात असते आणि उजव्या माइकसमोरची त्याच्याकडे येत असते. एक माइक उणे सांगतो, दुसरा अधिक, आणि मिक्सरमध्ये दोन्ही एकमेकांना खातात. उपाय एका बटणाचा. शाईच्या वाहिनीवरचं फेजचं बटण दाबावं. ते नसेल तर एका केबलच्या टोकाच्या दोन तारांची अदलाबदल करून घ्यावी, आणि त्या केबलला रंगीत पट्टी लावून ठेवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती बुवांच्या माइकला जाते. पाश्चात्त्य ड्रमच्या वरच्या-खालच्या पुड्यांना माइक लावणारे हेच करतात.

मिक्सरवरचं दुसरं बटण लो-कटचं. ते साधारण ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतं. धुमेच्या वाहिनीवर ते दाबायचं नाही, हे उघड आहे. पण माझ्या मते खरी मेख उरलेल्या वाहिन्यांवर आहे. बुवांचा माइक, पेटीचा माइक, मागच्या टाळकऱ्यांचे गायनाचे माइक, या सगळ्यांवर ते दाबायचंच. त्यांतल्या कुणालाही १०० हर्ट्झच्या खालच्या नादाची गरज नाही, आणि प्रत्येक उघडा माइक लांबून धूम ऐकत असतो. लांबून म्हणजे उशिरा. साडेतीन मीटरवर उभ्या बुवांच्या माइकमध्ये धूम १० मिलिसेकंद उशिरा पोचते. अशा पाच-सहा उशिरा आलेल्या धुमा एकत्र झाल्या की थापेची धार जाते आणि चिखल होतो. वर इको चढवला की चिखलाला अंत राहत नाही. आपल्याकडे कीर्तनाच्या माइकला इको भरपूर देण्याची सवय आहे. तो बुवांच्या आवाजाला द्यायचा तर द्यावा, पखवाजाच्या वाहिनीला एक थेंबही देऊ नये. खर्ज मोठा करायचा तर आधी तो नको तिथून काढावा लागतो, आणि मंडपात बसून हे समजावणं सगळ्यांत अवघड जातं.

माइक शिट्टी मारतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष जातं. खर्जाचा माइक शिट्टी मारत नाही, तो 'हूं' करत हळूहळू फुगतो आणि काही वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही. डबल बेसवाल्यांना हा भूत लागल्यासारखा घुमारा चांगला ठाऊक आहे. स्पीकरचा आवाज वाद्याच्या पातळ लाकडाला हलवतो, लाकूड तारेला, तार पिकअपला, पिकअप पुन्हा स्पीकरला. म्हणून ते वाद्याच्या फटींत फोम भरतात, घुमणारा एकच स्वर शोधून तेवढाच कापतात, आणि पिकअपकडून खालचा भाग व माइककडून वरचा भाग घेऊन दोन्ही जुळवतात. पखवाजाची धूम तर सरळ सरळ एक मोठा ताणलेला पडदा आहे. वाजवणारा थांबलेला असताना पुडीवर बोटांची टोकं टेकवून पाहा, बुवांच्या बोलण्याने ती थरथरताना जाणवते. तेव्हा वादकासाठी ठेवलेला मॉनिटर स्पीकर धुमेच्या तोंडासमोर कधीच नको. आणि चालू माइकची संख्या दुप्पट झाली की घुमायला लागण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. ज्या टाळकऱ्याची पाळी नाही त्याचा माइक बंद ठेवणं हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय.

हवेवाटे येणाऱ्या आवाजावर इतकं बोललो, पण कीर्तनाच्या स्टेजवर खर्जाचा खरा शत्रू खालून येतो. फळ्यांचं स्टेज, त्यावर पावली खेळणारे वीस-पंचवीस जण. प्रत्येक पावलाचा दणका फळीतून स्टँडमध्ये, स्टँडमधून माइकमध्ये जातो. तो धुमेच्याच टापूत असतो, त्यामुळे लो-कट लावून तो काढता येत नाही. साउंडवाले स्टँडखाली फोमचा तुकडा ठेवतात आणि तो उपयोगी पडत नाही म्हणतात. न पडण्याचं कारण आहे. कुठलीही मऊ गादी आणि तिच्यावरचं वजन मिळून एक झोका होतो, आणि त्याची स्वतःची एक गती असते. त्या गतीच्या बऱ्याच वरची थरथर झोका अडवतो, त्या गतीच्या आसपासची थरथर उलट वाढवतो. हलका स्टँड आणि कडक फोम यांचा झोका ४० हर्ट्झच्या आसपास डोलतो, म्हणजे नेमका नको तिथे. गती खाली आणायला दोनच गोष्टी हव्यात, जड वजन आणि मऊ आधार. ढोबळ नियम असा: वजन ठेवल्यावर गादी अडीच मिलिमीटर दबली तर झोका सुमारे १० हर्ट्झला डोलतो, आणि ४० हर्ट्झची थरथर साधारण पंधराव्या भागावर येते. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका आणि खाली जाड गोधडीच्या घड्या घाला. जमल्यास स्टँड स्टेजवर ठेवूच नका, जमिनीवर उभा करून त्याचा लांब दांडा स्टेजवर आणा.

आता हिंगोली निवडण्याचं दुसरं कारण. हाच झोका, याच जिल्ह्यात, जगातल्या सगळ्यांत अवघड मोजमापासाठी लागणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मान्यता दिली. एकमेकींना काटकोनात ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा प्रकाश, टोकांना आरसे. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. ती लहर ०.२ सेकंदांत ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत चढली.

हे आकडे पुन्हा वाचावेत असे आहेत. ३५ हर्ट्झ म्हणजे डबल बेसच्या सगळ्यांत जाड तारेच्या थोडं खाली. २५० हर्ट्झ म्हणजे कीर्तनकाराच्या गळ्यातला सहज येणारा स्वर. धूम या दोहोंच्या मध्ये बसते. ती लहर नाद नव्हती, अवकाशाचं ताणणं-आखडणं होतं, पण तिची गती कानाच्या टापूतली असल्याने शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर वाजवली. पण मूळ स्वरांत ती नीट ऐकू येणं अवघड होतं. म्हणून तिचे स्वर वर उचलून दुसरी आवृत्ती ऐकवावी लागली. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये सांगितलेली कानाची उणीव इथेही आडवी आली.

त्या लहरीने ४ किलोमीटरची भुजा किती हलली? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढं मोजायचं तर ट्रकच्या चाकांची, वाऱ्याची, समुद्राच्या लाटांची थरथर आरशापर्यंत पोचता कामा नये. त्यासाठी ४० किलोचा प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत टांगतात. एक लोलक आपल्या गतीच्या दहापट वेगाची थरथर साधारण शंभराव्या भागावर आणतो, आणि चार लोलकांत हे शंभराने भागणं चार वेळा होतं. जड वजन आणि मऊ आधार, तत्त्व गोधडीचंच. जागा निवडतानाही जमीन शांत हवी हे पाहिलं गेलं, आणि हिंगोलीची निवड होण्यामागे ते एक मोठं कारण होतं. इथेही खर्ज ऐकण्यासाठी बाकीचा खर्ज थांबवावा लागतो.

मंडपात परत. टॉप-बेसची जोडी आणली की एक बेस डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायची पद्धत आहे, दिसायला ते बरोबर दिसतं. पण ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची. ज्या जागी एका बेसपासूनचं अंतर दुसऱ्यापेक्षा सुमारे २.१५ मीटरने जास्त असेल तिथे दोघांचा नाद एकमेकांच्या विरुद्ध पडतो आणि धूम मरते. मंडपाच्या मधोमध एक पट्टा दणदणीत, त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ पट्टे. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात, मधली वाट मोकळी सोडतात. म्हणजे सगळ्यांत चांगला खर्ज रिकाम्या वाटेला मिळतो. दोन्ही बेस एकाला एक चिकटवून जमिनीवर, स्टेजच्या समोर मधोमध ठेवावेत. पट्टे नाहीसे होतात, आणि जमीन व एकमेकांचा आधार मिळाल्याने तेवढ्याच विजेत आवाजही वाढतो.

रात्रीच्या वेळेचंही पाहावं लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, राज्य सरकारला वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि ती मोजतात कानाच्या हिशेबाने, म्हणजे खर्जाला कमी गुण देणाऱ्या मापाने. त्या मापात ५० हर्ट्झचा नाद ३० डेसिबलने कमी धरला जातो. यामुळे लग्नाच्या वरातीतल्या भिंती हलवणाऱ्या बेसचा आकडा मीटरवर त्याच्या त्रासाच्या मानाने लहान दिसतो. शेजारच्या घरात झोपलेल्या आजारी माणसाला मात्र तोच पोचतो, कारण भिंत वरचे स्वर अडवते आणि खर्ज आत सोडते. धूम मंडपाच्या टोकापर्यंत न्यावी, वेशीपर्यंत नेऊ नये. त्यासाठी बेस अगदी जमिनीलगत, श्रोत्यांच्या जवळ ठेवून कमी आवाजात चालवणं बरं.

आवाज जुळवायची वेळही चुकीची निवडली जाते. दुपारी रिकाम्या मंडपात एकटा मृदंगाचार्य दोन थापा मारतो, साउंडवाला मान डोलावतो, आणि काम झालं असं दोघं समजतात. त्या वेळी टाळ नसतात, पावली नसते, आणि खाली माणसंही नसतात. संध्याकाळच्या हरिपाठाला सगळे टाळकरी उभे असतात, फड भरलेला असतो, कणीक ताजी असते. तेव्हा साउंडवाल्याने मिक्सर सोडून मागच्या रांगेत जाऊन बसावं. पहिल्यांदा स्त्रियांच्या बाजूला, मग पुरुषांच्या. धुमेची वाहिनी एखाद्या मिनिटासाठी बंद करायला लावावी आणि मग पुन्हा चालू. मागे बसून दोन्हींतला फरक कळला तर माइक कामाचा. कळला नाही तर बेस वाढवायच्या आधी फेजचं बटण, बाकीच्या माइकचे लो-कट आणि स्टँडखालची घडी, या क्रमाने पाहावं. कीर्तन उभं राहायला तेव्हा दोन तास असतात आणि तेवढा वेळ पुरतो.